प्रत्यक्ष कीं अनुमान?

विज्ञानांतील शोधनिबंध हा रसिकांनीं वाचावयाचा व टीकाकारांनीं तोलावयाचा लेखनप्रकार नव्हे, अशी आपल्याकडे एक रूढ समजूत आहे. ज्याच्या कर्त्यांचीं नांवें मोजतां मोजतां दमछाक होते, ज्याची भाषा आकड्यांनीं आणि आकृतींनीं पदोपदीं अडलेली असते, त्यांत वाङ्मयीन गुणदोष ते काय पाहावयाचे? परंतु लेखन म्हटलें कीं त्यांत कांहीं तरी सिद्ध करण्याची प्रतिज्ञा आली, सिद्ध करण्याची एक रीत आली, आणि वाचकाचा विश्वास संपादन करण्याची धडपडही आली. जेथें विश्वास मागितला जातो तेथें टीकेस अधिकार प्राप्त होतो. याच अधिकारानें, ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या अमेरिकन नियतकालिकांत हजाराहून अधिक शास्त्रज्ञांच्या नांवें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाचा विचार येथें करावयाचा आहे. गुरुत्वीय लहरींचा शोध जगापुढें मांडणारा तो हाच निबंध होय.

निबंधाचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं ‘लायगो’ प्रकल्पाच्या दोन यंत्रांना एक अतिसूक्ष्म कंप जाणवला. पहिलें यंत्र लुइझियाना संस्थानांत लिव्हिंग्स्टन येथें, दुसरें तेथून सुमारें तीन हजार किलोमीटरांवर वॉशिंग्टन संस्थानांत हॅनफर्ड येथें. पहिल्यानंतर सुमारें सात सहस्रांश सेकंदांनीं दुसऱ्यास तोच कंप पोंचला. एका सेकंदाच्या पंचमांशांत त्याचीं सुमारें आठ आवर्तनें झालीं, त्याची वारंवारता सेकंदास ३५ पासून १५० पर्यंत चढली, जोर परमावधीस गेला आणि मग सर्व शांत झालें. यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्यें त्यामुळें जो फरक पडला, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारें चारशेव्या भागाएवढा होता. एवढ्याशा थरकांपावरून निबंधकर्ते सांगतात कीं, १.३ अब्ज प्रकाशवर्षांच्या अंतरावर सूर्याच्या ३६ पट व २९ पट वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें परस्परांभोंवतीं फिरतां फिरतां एक झालीं. नव्या विवराचें वस्तुमान ६२ पट भरलें. आणि हिशेबांत कमी पडलेलें तीन सूर्यांचें वस्तुमान लहरींच्या रूपानें विश्वांत पसरलें.

या निबंधांतील अत्यंत महत्त्वाचा शब्द आकडा नसून एक साधें विशेषण आहे. गुरुत्वीय लहरींचा हा पहिलाच ‘प्रत्यक्ष’ शोध होय, असें त्यांत म्हटलें आहे. असें म्हणण्यास कारण आहे. १९७४ सालीं हल्स व टेलर यांस सांपडलेल्या जोडताऱ्याची कक्षा हळूहळू आकुंचन पावत असल्याचें पुढें दिसून आलें, आणि लहरी ऊर्जा घेऊन जात असल्या पाहिजेत असा निष्कर्ष त्यावरून निघाला. तो अप्रत्यक्ष पुरावा होता. आतां लहर स्वतःच यंत्रास येऊन भिडली. लहरींपुरता हा दावा मान्य करावयास हरकत नाहीं. परंतु वाचकाच्या मनावर ठसतें तें लहरींचें चित्र नव्हे, तर दोन काळ्या विवरांच्या मीलनाचें. आणि येथें ‘प्रत्यक्ष’ या शब्दाची छाया जेवढी पडावयास हवी त्याहून लांब पडते.

आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्यामध्यें जी रेषा ओढली आहे ती येथें उपयोगी पडते. पर्वतावर धूर दिसतो. अग्नि दिसत नाहीं. तरी तो आहे असें आपण म्हणतों, कारण धूर व अग्नि यांचें साहचर्य आपण स्वयंपाकघरांत शेंकडों वेळां पाहिलेलें असतें. हें स्वयंपाकघर हाच त्या अनुमानाचा आधार. आतां प्रश्न असा कीं, कृष्णविवरांच्या बाबतींत हें स्वयंपाकघर कोठें आहे? दोन विवरें एकमेकांत विलीन होतांना कोणी कधीं जवळून पाहिलीं, आणि अशा वेळीं अमुक आकाराची लहर उठते हें कोणी पडताळलें? कोणींही नाहीं. मग यंत्रावरील वळवळणाऱ्या रेषेवरून विवरें ओळखलीं कशीं?

उत्तर असें कीं, हें स्वयंपाकघर गणितानें बांधलें. आणि तें बांधण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. आइन्स्टाइन यांचीं समीकरणें १९१५ सालीं पूर्ण झालीं, लहरींचें भाकित १९१६ सालीं झालें, आणि एकाकी विवराचें वर्णन करणारें श्वार्झशिल्ड यांचें उत्तरही त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. परंतु दोन विवरें घेतलीं कीं कागदावर सुटणारें उत्तर संपतें. न्यूटनच्या सृष्टींत दोन पिंडांचा प्रश्न शाळकरी समजला जातो. आइन्स्टाइनच्या सृष्टींत गुरुत्वाकर्षण स्वतःच गुरुत्वाकर्षणास जन्म देतें, अवकाश व काल हे रंगभूमि न राहतां नट होतात, आणि दोघांचा प्रश्न अनंताचा प्रश्न बनतो. १९६४ सालीं हान व लिंडक्विस्ट यांनीं तो संगणकापुढें ठेवला. पण त्या काळच्या यंत्राची मजल फार पोंचली नाहीं. पुढें संगणक हजारों पटींनीं बलवान् झाले, तरी विवरांच्या गर्भांतील अनंत मूल्यें व वेडीवांकडी होत जाणारी मापनजाळी यांच्यापुढें गणित मध्येंच कोसळून पडे. अखेर २००५ सालीं फ्रान्स प्रिटोरियस यांनीं दोन विवरांचें भ्रमण, मीलन व तदनंतरची शांति अशी संपूर्ण कथा संगणकावर प्रथम तडीस नेली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राउन्सव्हिल येथील विद्यापीठ व नासाचें गॉडर्ड केंद्र यांतील दोन गटांनीं अगदीं निराळ्या वाटेनें, परस्परांस न विचारतां, तीच मजल गांठली.

या कथेचे तीन अंक आहेत, आणि प्रत्येकास वेगळी लेखणी लागली. विवरें दूर असतांना त्यांची गति प्रकाशाच्या मानानें मंद असते. तेव्हां न्यूटनच्या नियमास क्रमाक्रमानें दुरुस्त्या जोडीत जातां येतें. या किचकट कामांत ब्लांशे, दामूर इत्यादिकांबरोबर आपल्याकडील बाळ अय्यर यांचा मोठा वाटा आहे. मीलनाचा मधला अंक संगणकाचा. शेवटच्या अंकांत नवें विवर घंटेप्रमाणें थरथरून स्थिर होतें. त्या थरथरीचें स्वरूप सी. व्ही. विश्वेश्वर यांनीं १९७० सालींच गणितानें दाखविलें होतें. हे तिन्ही अंक एका सूत्रांत ओवून झटपट लहरी काढून देणारीं प्रतिमानें बुओनान्नो व दामूर यांच्या पद्धतीनें, तसेंच पी. अजित व त्यांचे सहकारी यांच्या पद्धतीनें तयार झालीं. मग प्रश्न उरला तो हे साचे वापरण्याचा. विवरांचीं वस्तुमानें व त्यांचें भ्रमण आधीं ठाऊक नसतें. म्हणून असंख्य संभवनीय जोड्यांचे साचे करून ठेवावयाचे आणि यंत्राच्या गोंगाटावर एकेक ठेवून कोठें जुळतो तें पाहावयाचें. साचे किती लागतील व परस्परांपासून किती अंतरावर ठेवावे, याचा पायाभूत विचार पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ सालीं मांडला. २०१५ च्या शोधांत असे सुमारें अडीच लक्ष साचे वापरले गेले.

येथें कोणीही चिकित्सक वाचक थबकेल, आणि त्यानें थबकलेंच पाहिजे. अडीच लक्ष साचे हातांत घेऊन जो गोंगाटांत शोधूं लागतो, त्यास कोठें तरी कांहीं तरी जुळतें सांपडणारच! सिद्धांतावरून साचा केला, साच्यानें खूण शोधली, आणि खूण सांपडली म्हणून सिद्धांत खरा ठरला. यासच आपले शास्त्रकार अन्योन्याश्रय दोष म्हणतात. ही शंका निव्वळ काल्पनिक नव्हे. १९६९ सालीं जोसेफ वेबर यांनीं ॲल्युमिनियमच्या प्रचंड दंडगोलांच्या साहाय्यानें गुरुत्वीय लहरी सांपडल्याचें जाहीर केलें होतें. इतरांनीं तसेच दंडगोल उभारले तेव्हां त्यांस कांहींच आढळलें नाहीं. ज्या क्षेत्राच्या आरंभींच असा हर्ष आणि असा विरस घडला, त्याच्या निबंधाकडे संशयानें पाहणें हें वाचकाचें कर्तव्यच ठरतें.

या शंकेचें उत्तर शोधतांना पुण्यांतच घडलेल्या एका निराळ्या विद्याकार्याची आठवण होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यापुढेंही असाच पेंच होता. मूळ पोथी कोणीं पाहिली नव्हती. हातीं होत्या त्या शतकानुशतकांच्या नकला, आणि त्यांत क्षेपकांचा व लेखकांच्या हातचुकांचा गोंगाट. त्यांनीं धरलेलें तत्त्व असें होतें कीं, काश्मीरची शारदा पोथी आणि दक्षिणेची मलयाळी पोथी यांसारख्या, एकमेकींशीं संबंध न आलेल्या परंपरा जेथें एकच पाठ देतात, तेथें तो पाठ जुना समजावा. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन हीं अशाच दोन दूरच्या परंपरांचीं पीठें होत. एकाच्या शेजारून गाडी गेली, दुसऱ्याच्या वर वीज कडाडली, तरी दोघांवर एकच अक्षर एकाच क्षणीं उमटणें सहजासहजीं घडत नाहीं. तें योगायोगानें किती वेळां घडेल, हेंही निबंधकर्त्यांनीं मोजलें. एका यंत्राची नोंद दुसऱ्याच्या मानानें मुद्दाम मागेंपुढें सरकवावयाची, म्हणजे उरलेली जुळणी केवळ आकस्मिकच असणार; अशा रीतीनें सोळा दिवसांच्या नोंदींवरून असा निष्कर्ष निघाला कीं एवढी ठळक जुळणी योगायोगानें दोन लक्ष तीन हजार वर्षांत एकदांही होण्याचा संभव नाहीं. अडीच लक्ष साच्यांमुळें वाढणारा आकस्मिकपणाही या मोजणींत धरलेलाच आहे.

दुसरी गोष्ट याहून निर्णायक आहे, आणि ती निबंधांत फार संकोचानें सांगितली आहे. हा कंप प्रथम टिपला तो साच्यांनीं नव्हेच. दोन्ही यंत्रांत एकाच वेळीं उठणारी कोणतीही असाधारण हालचाल हुडकणारी, विवरांच्या आकाराविषयीं कोणताही आग्रह न धरणारी एक वेगळी पद्धति तेथें चालू होती. तिनें नोंद झाल्यापासून तीन मिनिटांच्या आंत हा कंप दाखवून दिला. साचे मागाहून आले. म्हणजे येथें अग्नीची कल्पना मनांत धरून धूर शोधलेला नाहीं. धूर आधीं दिसला आणि मग स्वयंपाकघरांतील अनुभवाशीं ताडून पाहिला. जुळणारी लहर वजा केल्यावर जें उरलें त्यांत गोंगाटाखेरीज कांहीं राहिलें नाहीं. शिवाय, पहिल्या अंकावरून काढलेलें अंतिम विवराचें वस्तुमान शेवटच्या अंकावरून काढलेल्या वस्तुमानाशीं जुळलें. अन्योन्याश्रयाचा आरोप येथें लंगडा पडतो, कारण या जुळण्या फसूं शकल्या असत्या. जें प्रतिमान खोटें ठरण्याचा धोका पत्करतें, त्याचें खरें ठरणें अर्थपूर्ण असतें.

वाङ्मयदृष्ट्या या निबंधांतील सर्वांत सुंदर परिच्छेद कोणता, असें विचारल्यास आमचें बोट निःशंकपणें एका ठिकाणीं जाईल. तेथें कर्त्यांनीं क्षणभर साचे बाजूस ठेविले आहेत आणि वाचकास हातीं धरून नेलें आहे. लहरीची वारंवारता कोणत्या वेगानें चढते एवढें पाहिलें, तरी दोन पिंडांच्या वस्तुमानांचें एक संमिश्र मान निघतें. त्यावरून एकूण वस्तुमान सूर्याच्या सत्तरपटीखालीं येऊं शकत नाहीं. अखेरीस ते पिंड परस्परांभोंवतीं सेकंदास ७५ फेरे घालीत होते. असे फेरे घालणारे तितक्या वजनाचे दोन पिंड एकमेकांपासून अवघ्या ३५० किलोमीटरांवर असले पाहिजेत. मुंबईहून कोल्हापुरास जाण्याइतक्या या अंतरांत सत्तर सूर्य मावतील ते कोणत्या रूपांत? तारे मावणार नाहींत. न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी एवढी जड असत नाहीं. एक विवर व एक न्यूट्रॉन तारा अशी जोडी घेतली तर ती याहून कमी वारंवारतेलाच एक होऊन जाईल. उरतीं तीं केवळ कृष्णविवरें. पदवीच्या वर्गांतील गणितानें पेलणारी ही युक्तिवादाची शिडी ज्यानें एकदां चढून पाहिली, त्याचा विश्वास मग हजार सह्यांवर अवलंबून राहत नाहीं.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष औदार्याचा आहे. प्रतिमानें घडविण्याचा जो इतिहास वर सांगितला, तो निबंधांत दोन तीन वाक्यांत आटोपला आहे. विश्वेश्वर व अय्यर यांचें काम तळटीपांतील आकड्यांत विसावतें. जागेची टंचाई मान्य करूनही म्हणावें लागतें कीं, यंत्राच्या आरशांना व लेझरांना जितकीं पानें मिळालीं, त्याच्या अल्पांशही या कागदी यंत्रास मिळालीं नाहींत. आणि म्हणूनच सामान्य वाचकाची अशी समजूत होते कीं यंत्रानें विवरें पाहिलीं, गणितानें केवळ मोजमाप केलें. दुसरा दोष चित्राचा आहे. निबंधाची पहिली आकृति जगभर छापली गेली. तींत यंत्राच्या नोंदीखालीं गुळगुळीत रेषा काढली आहे ती निष्कर्षांशीं सुसंगत अशा एका प्रतिमानाची आहे. निष्कर्ष ज्या गणनेनें निघाले तिचें तें जसेंच्या तसें चित्र नव्हे. पुढें २०१७ सालीं कोपनहेगन येथील कांहीं शास्त्रज्ञांनीं उरलेल्या गोंगाटांतही दोन यंत्रांचें साम्य दिसतें असा आक्षेप घेतला, त्याच्या मुळाशीं या आकृतीचा मोह बराच होता. लायगोची नोंद सर्वांस खुली असल्यामुळें इतरांनीं ती पुन्हां तपासली आणि मूळ निष्कर्ष टिकला, हें खरें. परंतु डोळ्यांस पटविण्यासाठीं काढलेलें चित्र आणि बुद्धीस पटविण्यासाठीं केलेली गणना यांतील भेद कर्त्यांनींच ठसठशीतपणें सांगितला असता, तर बराचसा वाद टळला असता. तिसरा दोष निबंधाचा नसून त्याच्या प्रसिद्धीचा आहे. लहरींची वारंवारता कानास ऐकूं येणाऱ्या पल्ल्यांत पडते, म्हणून त्यांचा ध्वनि करून ऐकविण्यांत आला, आणि ‘विश्व बोललें’ अशा थाटाचीं वाक्यें सर्वत्र उमटलीं. विश्व बोललें नाहीं. माणसानें पूर्वीं लिहून ठेवलेल्या एका वाक्याशीं त्याचा कंप जुळला. ही दुसरी गोष्ट पहिलीहून कमी अद्भुत नाहीं.

प्रतिमानावर विश्वास टाकण्याची मर्यादा कोठें लागते, हें मात्र या निबंधानंतरच्या घडामोडींनीं दाखविलें. २१ मे २०१९ रोजीं आलेली लहर एका सेकंदाच्या दशांशाएवढीच टिकली. तींत पहिला अंक जवळजवळ नव्हताच. सूर्याच्या ८५ व ६६ पट वस्तुमानाचीं विवरें, असा रूढ प्रतिमानाचा निर्णय झाला. परंतु त्याच चार आवर्तनांचा अर्थ कोणीं लंबवर्तुळाकार कक्षेंतून एकमेकांवर येणारीं विवरें असा लाविला, तर कोणीं विवरें नसून काल्पनिक कणांचे बनलेले विचित्र तारे आपटले असेंही सुचविलें. मजकूर जितका त्रोटक, तितका टीकाकार स्वतःचें अधिक वाचतो, हें आम्हां वाङ्मयाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. २३ नोव्हेंबर २०२३ च्या लहरीनें तर सुमारें १३७ व १०३ सूर्यांचीं, अतिवेगानें स्वतःभोंवतीं गरगरणारीं विवरें पुढें केलीं; आणि तेथें निरनिराळ्या प्रतिमानांचीं उत्तरें एकमेकांशीं जुळेनात. तो मतभेद शास्त्रज्ञांनीं लपविला नाहीं, आपल्या निबंधांत मोकळेपणें मांडला. आमच्या मतें हा मोकळेपणा २०१६ च्या निबंधांतील आत्मविश्वासाहून वरच्या दर्जाचा आहे.

उलटपक्षीं, १४ जानेवारी २०२५ रोजीं आलेल्या लहरीनें प्रतिमानाचा गौरवही केला. यंत्रें दहा वर्षांत इतकीं सुधारलीं होतीं कीं, पहिल्या लहरीसारखीच ही लहर तिच्याहून तिपटीनें स्पष्ट उमटली. नव्या विवराच्या थरथरींतील दोन स्वर वेगवेगळे ओळखतां आले, आणि ते गणितानें सांगितल्याप्रमाणेंच निघाले. दोन विवरांचें मिळून सुमारें २ लक्ष ४० हजार चौरस किलोमीटरांचें पृष्ठ मीलनानंतर सुमारें ४ लक्ष झालें. तें कधींच घटणार नाहीं, हा हॉकिंग यांचा १९७१ सालचा सिद्धांत प्रमाणास उतरला. विश्वेश्वर २०१७ सालीं निवर्तले. त्यांनीं कागदावर वाजविलेली घंटा पंचावन्न वर्षांनीं इतकी स्वच्छ ऐकूं यावी, यांत काव्य आहे, आणि तें शास्त्रज्ञांच्या प्रसिद्धिपत्रकांतील काव्याहून अस्सल आहे.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचा निवाडा असा करतां येईल. लहरी प्रत्यक्ष; विवरें अनुमित. परंतु अनुमान हा प्रत्यक्षाचा गरीब नातलग आहे असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्या दर्शनकारांनीं त्यास स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला, तो हेतूची कसून परीक्षा करण्याच्या अटीवर. २०१६ च्या निबंधानें ती परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला; मात्र ‘प्रत्यक्ष’ या शब्दाचा झगमगीत शेला पांघरून त्यानें आपल्या खऱ्या पराक्रमावरच पडदा टाकला. हा पराक्रम पाहण्याचा नव्हे, ओळखण्याचा आहे. आणि ओळखण्यासाठीं आधीं कल्पना करावी लागते, तीही अशी कीं जी सृष्टीनें ‘नाहीं’ म्हटल्यास टाकून देतां येईल. या लहरींचा मोठा गुण हाच कीं त्या मुळींच लहरी नाहींत.

महाराष्ट्रीय वाचकास या चिकित्सेचें आणखी एक अगत्य आहे. हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथाच्या परिसरांत, लायगोचें तिसरें पीठ उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें २,६०० कोटि रुपयांची मंजुरी दिली. दूरस्थ आणखी एक पोथी मिळाली म्हणजे पाठ अधिक निश्चित होतो, आणि लहर आकाशाच्या कोणत्या दिशेनें आली हें अधिक नेमकें सांगतां येतें. म्हणून हा खर्च वावगा नाहीं. परंतु ज्या जनतेच्या पैशानें हें पीठ उभें राहणार, तिला त्याच्या फलितांविषयीं चमत्काराच्या भाषेंत न सांगतां कारणाच्या भाषेंत सांगितलें पाहिजे. येथें धूर कोणता, अग्नि कोणता, आणि दोघांची गांठ कोणत्या स्वयंपाकघरांत पाहिली, एवढें उलगडून सांगणारा एखादा मराठी निबंध त्या यंत्राबरोबरच सिद्ध झाला, तर तो यंत्राइतकाच मोलाचा ठरेल.